शंकेची खूण

खोलीत वेळ सांगणाऱ्या चार वस्तू होत्या. सायरनच्या पॅनलवरचे हिरवे आकडे, भिंतीवरचं गोल घड्याळ, माझा फोन, आणि आम्ही पुण्याहून आणलेला जीपीएसचा डबा. डब्याची वायर माझा सहकारी फैजल खिडकीबाहेर काढून आभाळाच्या एका मोकळ्या तुकड्याखाली धरून उभा होता. भिंतीवरचं घड्याळ पावणेपाचला बंद पडलेलं होतं, म्हणजे खऱ्या अर्थानं वस्तू तीनच. तिन्ही सेकंदापर्यंत जुळत होती. मी वहीत लिहिलं: ११:०६:२०, फरक शून्य.

"जुळतंय न्हवं?" दारातून खुटाळेमामांनी विचारलं.

"जुळतंय, मामा."

"मग तसं लिवा."

महादेव खुटाळे एकोणीस वर्षं त्या सायरनचे चौकीदार होते. ठेंगणे, काटक, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. हाफ शर्टच्या बाहीखाली डाव्या मनगटावर पट्ट्याएवढी फिकट रेघ होती. माझं लक्ष तिच्याकडे गेलं होतं, पण मी तिचा विचार केला नाही.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. भौतिकशास्त्रात एमएससी करून मी नऊ माणसांच्या एका छोट्या कंपनीत लागले होते. धरणांखालच्या गावांसाठी आम्ही सायरनची पॅनलं बनवायचो. त्यातलं एक सावरखिंड धरणाच्या खाली सव्वा किलोमीटरवर, या खोलीत होतं. खोली टेकाडाच्या पाठीला होती. तिथून नदी दिसत नसे. सायरनची शिंगं तेवढी वर टॉवरवर होती.

आम्ही पोचलो त्याच्या तेवीस दिवस आधी धरणाचे दरवाजे उघडले होते, दुपारी २ वाजून १० मिनिटांनी. पाणी नदीतल्या बेटावर पोचलं २ वाजून १८ मिनिटांनी. या दोन्ही वेळा पाटबंधारे खात्याच्या स्वतंत्र यंत्रांवरच्या होत्या आणि त्यांबद्दल वाद नव्हता. बेटावर गावातली हौसाबाई गवत कापत होती. ती संध्याकाळी दोन किलोमीटर खाली सापडली.

सायरन दरवाजे उघडायच्या ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास वाजवायचा असतो. आमच्या पॅनलमध्ये त्याची नोंद होती: १ वाजून ४० मिनिटं. गाव एकमुखानं सांगत होतं की भोंगा पाणी आल्यावर वाजला.

चौकशी समितीला कंपनीकडून पत्र हवं होतं, की पॅनलचं घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं. नाडगौडा सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ते छापून माझ्या बॅगेत दिलं होतं. सही माझी हवी होती. पॅनलच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नल, त्यात घड्याळाच्या चिपशी बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्या ड्रायव्हरमधला शेवटचा बदल लिहिला होता फैजलनं आणि तपासला होता मी. बदलाच्या खाली आमच्या रीतीप्रमाणे दोघांची नावं होती.

"ताई, एक इनंती हाय," मामा म्हणाले. "जाताना माझ्यासंगं गावात या. चावडीवर दोन मिन्टं हुबं ऱ्हावा आन् सांगा, मशीन खोटं बोलत न्हाई म्हणून. माझं कुणी ऐकत न्हाई."

"पंतोजींना दोन मिनिटं पुरायची नाहीत," फैजल खिडकीतून म्हणाला. मी सगळ्यात चुका काढते म्हणून तो मला पंतोजी म्हणायचा. "प्रस्तावनेलाच वीस लागतात."

मामा हसले नाहीत. "हौसा माझ्या चुलतभावाची बायकू," ते म्हणाले. "मातीला जाऊ दिलं न्हाई मला."

फैजलनं वायर खाली ठेवली.

*

त्या बदलाबद्दल सांगायला हवं.

घड्याळाच्या चिपला स्वतःचा एक चपटा सेल असतो. वीज गेली की चिप त्या सेलवर वेळ मोजत राहते. सेल कमजोर झाला तर ती मध्येच थांबू शकते, आणि आपण थांबलो होतो एवढं तिला कळतं. अशा वेळी ती आतली एक खूण वर करते. आकडे वाचणाऱ्यानं आधी ती खूण पाहायची. खूण वर असेल तर वेळेवर विश्वास ठेवायचा नाही. आमचा ड्रायव्हर तेव्हा वेळ द्यायला नकार द्यायचा आणि पॅनलवर आकड्यांच्या जागी रेघा यायच्या.

रेघांबद्दल तक्रारी येत होत्या. लोकांना वाटायचं, पॅनल बिघडलं. फैजलनं बारा ओळींचा बदल लिहिला. त्यातल्या अकरा ओळी साफसफाईच्या होत्या. बारावी ओळ पॅनल सुरू होताना ती खूण खाली करत होती.

नाडगौडा सरांचा नियम होता, की घड्याळाला हात लावला तर लिहिणाऱ्यानं बदल मोठ्यानं वाचायचा आणि तपासणाऱ्यानं बोट ठेवून प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचं. स्क्रीनवर डोळे फसतात, असं ते म्हणत. आम्ही त्याला पोथी म्हणायचो. त्या दिवशीही आम्ही पोथी लावली. बाराव्या ओळीवर माझं बोट थांबलं.

"खूण का पुसतोस?"

"रेघा नकोत म्हणून."

"पण वेळ खरंच चुकलेली असली तर?"

"मोबाईलच्या नेटवर्कवरून पाच मिनिटांत दुरुस्त होते. आणि चुकली तर दिसेलच ना. चिप मेली की दोन हजार साल दाखवते. चौकीदाराला एवढं कळतं, पंतोजी, की आपण दोन हजार साली नाही आहोत."

मला ते पटलं, पण नुसतं पटून भागत नव्हतं. सेल काढून चाचणी घ्यायची हाही नियम होता. मी सेल काढला, वीज बंद केली, दहा मिनिटं थांबले, पुन्हा सुरू केलं. पॅनलवर आलं: १ जानेवारी २०००. नेटवर्क मिळालं आणि चार मिनिटांत वेळ दुरुस्त झाली. मी निकाल लिहिला आणि खाली नाव घातलं.

मी मेलेल्या सेलची चाचणी घेतली होती. मरत आलेल्या सेलची नाही. हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, आणि सावरखिंडच्या खोलीत पॅनलचं झाकण काढेपर्यंतही आलं नव्हतं.

*

झाकणाचे चार स्क्रू होते, एक गंजलेला. चपटा सेल काढून मी मीटर लावला. नवा असताना तीन व्होल्ट दाखवतो. मीटरवर १.६ आलं.

"फैजल."

तो आला, मीटरकडे पाहिलं. "अजून मेलेला नाही," तो म्हणाला.

"तेच तर."

त्याला माझ्याआधी समजलं असावं. तो माझ्यापेक्षा हुशार होता.

"मामा, त्या दिवशी वीज गेली होती?"

"गेली आन् आली. मोठी बॅटरी खात्यानं दुरुस्तीला न्हेलेली, म्हनून मशीनबी बंद पडलं. पर लगीच आली की. लिवलंय मी."

त्यांनी कपाटातून नोंदवही काढली. एकोणीस वर्षांचा सराव असलेलं, टपोरं, एका रेषेतलं अक्षर. त्या तारखेला तीन ओळी होत्या.

*लाईट गेली ९.१२*
*लाईट आली ९.१३*
*भोंगा १.४०*

"ह्या वेळा कशावरून लिहिल्या?"

"मशीनवरनं. दुसरं कशावरनं लिवनार?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे आमच्याच कंपनीचा प्लॅस्टिकमध्ये बसवलेला कागद होता. *पॅनलवरील वेळ हीच अधिकृत वेळ समजावी.*

"म्हणजे एका मिनिटात आली वीज."

"आली."

"तेवढ्या वेळात तुम्ही काय करत होतात, आठवतं?"

मामांना प्रश्न विचित्र वाटला, पण ते आठवायला लागले. "सकाळी इथंच करून खातो मी. लाईट गेली तवा डाळ टाकली हुती स्टोवर. लाईट आली तवा उतरीवली."

"कच्ची?"

"कच्ची कशापायी? शिजल्याली. बरी गरगट शिजली हुती त्या दिवशी."

फैजल दाराच्या चौकटीला टेकला होता. तो हळूच खाली बसला.

"तुरीची डाळ," मी विचारलं, "किती वेळ लागतो शिजायला?"

"पाऊण तास लागतो की," मामा म्हणाले. मग थांबले. मला वाटलं, आता त्यांच्या लक्षात येईल. पण ते म्हणाले, "त्या दिवशी लवकर शिजली आसंल. नवी डाळ हुती."

चिप थांबली होती. सेलमध्ये आकडे धरून ठेवण्याएवढी ताकद उरली होती, पुढे मोजण्याएवढी नव्हती. वीज आल्यावर ती जिथे थांबली तिथूनच पुढे चालू लागली. खूण वर झाली असणार, आणि आमच्या बाराव्या ओळीनं ती कोणी पाहायच्या आत खाली केली. रेघा आल्या असत्या तर मामांनी वेळ विचारायला धरणावर माणूस पाठवला असता. त्याऐवजी पॅनलनं ९.१३ दाखवलं. तारीख बरोबर, दिवस बरोबर, सकाळ ती सकाळच. संशय घ्यावा असं त्यात काही नव्हतं. पावसात तिथे दोन दिवस नेटवर्क नव्हतं. ते आल्यावर वेळ गुपचूप दुरुस्त झाली. दुरुस्तीची नोंद ठेवावी असं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं.

म्हणून आता तिन्ही घड्याळं जुळत होती. घड्याळ किती मागं पडलं होतं, हे सांगणारं पॅनलमध्ये काहीही उरलं नव्हतं.

*

मी बाहेर आले. फैजलही आला. टेकाडावर ओलं गवत होतं, खाली नदीचा आवाज येत होता.

"डाळ हा पुरावा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"वीस मिनिटं म्हण, साठ म्हण. वीस असली तर सायरन दोनला वाजला. पाण्याच्या अठरा मिनिटं आधी. बाई निघू शकली असती."

"साठ असली तर?"

त्यानं खिशातून फोन काढून रेंज पाहिली. म्हणाला, "सरांना फोन करू या."

रस्त्याच्या वळणावर फोनला रेंज होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्याकडे आकडा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग तुझ्याकडे तर्क आहे. अगं, अडतीस गावांत ही पॅनलं आहेत. उद्या छापून आलं की घड्याळं चुकतात, तर लोक भोंगा वाजला तरी उठायचे नाहीत. सेल आपण सगळीकडे बदलू. ओळ आजच काढू. पण जे मोजता येत नाही ते कागदावर आणू नकोस. शिवाय त्या चौकीदाराचा विचार कर. आज कागदावर तो निर्दोष आहे."

यातलं कोणतंही वाक्य खोटं नव्हतं. माझ्या शिक्षकांनीही मला हेच शिकवलं होतं. आकडा नसेल तर बोलू नये.

"सही करून ये," सर म्हणाले. आवाज थकलेला होता.

परतताना फैजल म्हणाला, "त्या ओळीखाली माझं नाव आधी आहे. तू नंतर आहेस."

"मी 'हो' म्हटलं होतं."

"तू 'का' पण म्हटलं होतंस."

"ते खाली लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

*

मी खोलीत येऊन पत्र बाहेर काढलं. पेनचं टोपण उघडलं. मामा समोरच्या स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. ती फिकट रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती.

"झालं की ताई? मग गावात याल न्हवं?"

"मामा, तुम्ही मनगटावर घड्याळ घालत होता?"

"घालतो की. पोराच्या लग्नात मिळाल्यालं. त्या सांजंला हौसाला हुडकायला पाण्यात उतरलो, तवा काढून ठेवलं. मग घातलंच न्हाई."

"कुठं आहे?"

"हाय हितंच." ते उठले. मला पुराव्याची गरज आहे आणि आपल्याकडे आणखी एक पुरावा निघाला, अशा उत्साहानं त्यांनी फळीवरचा साखरेचा रिकामा डबा उतरवला. "बघा, मी माझं घड्याळसुदिक मशीनवरनंच लावतो. त्या दिवशी सकाळी लाईट आली, तर ह्ये पुढं पळाल्यालं दिसलं. म्हनलं, बिघडलं वाटतं. मशीन बघून काटं मागं घेतलं."

"किती मागं घेतले?"

"ते काय ध्यानात न्हाई. लई पळालं हुतं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? डब्यातच हाय तवापासनं."

त्यांनी झाकण काढून डबा माझ्या हातात दिला. आत रुमालात गुंडाळलेलं घड्याळ होतं. सोनेरी कडा, पांढरी तबकडी, तारखेची चौकोनी खिडकी. सेकंदाचा काटा फिरत होता.

पॅनलवर १२:३४ होते. मी तबकडीकडे पाहिलं, मग डबा खाली ठेवला. माझा हात हलला तर काटे हलतील, असं मला वाटलं होतं. अर्थात काटे तसे हलत नाहीत.

"सेल गेला का काय त्याचा?" मामांनी विचारलं.

"नाही. व्यवस्थित चालतंय."

फैजलनं जीपीएसचा डबा जवळ ओढला. मी काही सांगितलं नव्हतं. "पोथी लावू," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा काढायचा त्यानं प्रयत्न केला. "मी वाचतो, तू लिही."

"दहा वेळा. दर अर्ध्या मिनिटाला."

तो जीपीएसची वेळ मोठ्यानं वाचू लागला. मी तबकडीवर बोट ठेवून प्रत्येक वेळी 'हो' म्हणत होते आणि लिहीत होते. मामा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. पाचव्या की सहाव्या वाचनाला त्यांनी पॅनलकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा पॅनलकडे. सातव्या वाचनाला ते उठून स्टोजवळ जाऊन उभे राहिले.

दहा वाचनं झाली. घड्याळ तेवीस दिवसांत स्वतःहून किती सरकू शकतं, काटे फिरवताना माणसाची किती चूक होऊ शकते, हे मी बाजूला मांडलं. ते सगळं मिळून एक मिनिटही भरत नव्हतं. तरी मी एक मिनिट धरलं.

"डाळ नवी न्हवती," मामा म्हणाले. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

मी वही मिटली.

"मी एक-चाळीसलाच दाबलं, ताई."

"हो, मामा. पॅनलवर एक-चाळीसच होते. चूक आमची आहे. माझी आणि याची."

"मग गाव खरं बोलतंय."

"हो."

ते बराच वेळ स्टोच्या पिनेशी चाळा करत राहिले. "तिचा नवरा सांगत हुता," ते म्हणाले, "भोंगा वाजला तवा ती दिसत न्हवती. मी त्याला भर चावडीत खोटारडा म्हनलो."

फैजल उठून त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तुम्ही गावात यायचं ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "मी जातो."

"हे घड्याळ समितीला द्यावं लागेल, मामा."

"न्या." त्यांनी हात पुढे केला, पण घड्याळ घेण्यासाठी नव्हे. त्यांनी रुमाल नीट घडी घालून माझ्याकडे दिला. "ह्यात गुंडाळा. वलं लागलं न्हाई पायजे."

सरांनी छापलेलं पत्र मी उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. बाराव्या ओळीबद्दल लिहिलं, माझ्या चाचणीत काय राहिलं ते लिहिलं, वहीतली दहा वाचनं उतरवली. खाली फैजलनं सही केली, त्याखाली मी. शेवटच्या चार ओळी अशा होत्या:

मनगटी घड्याळ जीपीएसच्या मागे: ४१ मिनिटं.
सायरनची पॅनलवरील नोंद: १ वाजून ४० मिनिटं.
सायरनची खरी वेळ: २ वाजून २१ मिनिटं.
मोजणीतली संभाव्य चूक: जास्तीत जास्त १ मिनिट.